सांधा न दिसणारी जिफ: लहान, अखंड फिरणारी हलती चित्रे कशी तयार करावीत

दोन-तीन सेकंदांचे हलते चित्र न थांबता पुन्हा पुन्हा फिरू लागले की पाहणाऱ्याची नजर नकळत एकच जागा शोधू लागते, ती म्हणजे हे चित्र जिथे संपून पुन्हा सुरू होते ती जागा. ती सापडली की चित्रातला जिवंतपणा ओसरतो. ती सापडली नाही, तर तेच चित्र दहा-बारा वेळा पाहूनही नजर त्यावरून हलत नाही. म्हणून लूप, म्हणजे असे अखंड फिरणारे चित्र, तयार करण्याचे काम सॉफ्टवेअर उघडण्याच्या आधीच, कागदावर सुरू होते आणि त्यात सर्वांत आधी ठरवायचे असते ते शेवटच्या फ्रेमचा, म्हणजे त्यातल्या शेवटच्या स्थिर चित्राचा, पहिल्या फ्रेमशी सांधा कसा जुळणार हे. रंग, वेग आणि फाइलचा आकार या गोष्टी मागाहून सुधारता येतात. सांधा मात्र एकदा चुकला की तो फार तर झाकता येतो.

या कामासाठी आजही सर्वांत ओळखीचे फाइल-स्वरूप म्हणजे जिफ (GIF). कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटाने ते १९८७ साली तयार केले. त्याचा उच्चार 'जिफ' असाच आहे, हे विल्हाइट यांनी २०१३ मध्ये वेबी पुरस्कार स्वीकारताना पुन्हा एकदा सांगितले होते आणि या लेखात तोच उच्चार पाळला आहे. प्रत्येक फ्रेम किती वेळ दिसावी हे नोंदवण्याची आणि एखादा रंग पारदर्शक ठरवण्याची सोय १९८९ च्या आवृत्तीत आली. चित्र पुन्हा पुन्हा फिरावे ही सूचना मात्र त्या आवृत्तीतही नव्हती, ती नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने जोडणी म्हणून आणली आणि पुढे सर्वांनी स्वीकारली. हा इतिहास व्यवहारात उपयोगी पडतो, कारण आवर्तनांची सूचना फाइलमध्ये लिहिलीच गेली नाही, तर चित्र एकदा फिरून थांबते. या सूचनेत आवर्तनांची संख्या शून्य लिहिली, तर तिचा अर्थ 'अखंड फिरत राहा' असा होतो. आपली जिफ एकदाच फिरून थांबत असेल, तर सर्वप्रथम हीच नोंद तपासावी.

जिफच्या तीन मर्यादा आधीच लक्षात ठेवाव्यात. एका फ्रेमच्या रंगपटात जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. पारदर्शकता पूर्ण असते किंवा मुळीच नसते, अर्धपारदर्शक सावली किंवा मऊ कडा यात टिकत नाहीत. फ्रेमचा कालावधी सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजला जातो आणि तो पूर्णांकच असावा लागतो. या तिसऱ्या मर्यादेत एक फसगत दडलेली आहे. कालावधी ० किंवा १ ठेवला तर चित्र अतिशय वेगाने फिरेल असे वाटते, पण बहुतेक ब्राउझर इतका कमी कालावधी मान्य करत नाहीत आणि त्याऐवजी १० धरतात, म्हणजे चित्र उलट संथ होते. त्यामुळे २ हा खरा खालचा आकडा समजावा. रोजच्या कामाला ४ ते १० एवढा कालावधी उत्तम.

सांधा आधी ठरवावा

हलत्या चित्रांची पहिली खेळणी गोलच होती. बेल्जियमच्या जोसेफ प्लेटो यांनी १८३२ च्या सुमारास जी फिरती तबकडी तयार केली, तिच्या कडेने एका हालचालीचे टप्पे क्रमाने काढलेले असत. तबकडी गोल असल्यामुळे त्यातले पहिले चित्र कोणते आणि शेवटचे कोणते, हा प्रश्नच उद्भवत नसे. लूपचे नियोजन करताना आपणही फ्रेम्स सरळ रेषेत न मांडता वर्तुळावर मांडाव्यात. कागदावर वर्तुळ काढून त्यावर घड्याळासारख्या बारा खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवर वस्तू कुठे असेल ते लिहावे. अकराव्या खुणेवरून बाराव्या खुणेकडे जाताना जेवढी हालचाल होते, तेवढीच बाराव्यावरून पहिल्याकडे जाताना होत असेल, तर सांधा जुळला.

सर्वाधिक लोक याच ठिकाणी चुकतात. शेवटची फ्रेम पहिल्या फ्रेमसारखीच असली की लूप जुळेल, असे सहज वाटते. मीही सुरुवातीचे कितीतरी लूप याच समजुतीने केले आणि प्रत्येकात दर आवर्तनाला एक बारीक अडखळ जाणवत राहिली. दोन्ही फ्रेम्स सारख्या असतील, तर तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसते आणि गती क्षणभर थबकते. शेवटची फ्रेम पहिल्यासारखी नसावी, पहिल्याच्या एक पाऊल अलीकडची असावी. पूर्ण फेरी बारा फ्रेम्समध्ये बसवायची असेल, तर फेरीचे अकरा नव्हे, बारा समान भाग करावेत.

उसळणाऱ्या चेंडूचे उदाहरण घेऊ, कारण त्यात हा हिशेब डोळ्यांसमोर मांडता येतो. चेंडू जमिनीवरून १८० पिक्सेल वर जाऊन परत येतो असे समजा. बारा फ्रेम्समध्ये त्याची जमिनीपासूनची उंची अनुक्रमे ०, ५५, १००, १३५, १६०, १७५, १८०, १७५, १६०, १३५, १०० आणि ५५ पिक्सेल ठेवावी. पुढची ० ही तेरावी फ्रेम नव्हे, ती पहिलीच आहे, म्हणून ती पुन्हा काढायची नाही. लागोपाठच्या उंचींमधील फरक पाहिले तर ते ५५, ४५, ३५, २५, १५ आणि ५ असे समान टप्प्यांनी कमी होत जातात. वर फेकलेली वस्तू गुरुत्वाकर्षणामुळे याच रीतीने मंदावते. तोच चेंडू दर फ्रेमला ३० पिक्सेल अशा एकसारख्या पावलांनी वर-खाली नेला, तर सांधा जुळूनही तो चेंडू वाटत नाही, दोरीने ओढलेला ठिपका वाटतो. प्रत्येक फ्रेमला ५ हा कालावधी दिला, तर पूर्ण उसळी ०.६ सेकंदाची होते. चेंडू जमिनीला टेकतो त्या एका फ्रेममध्ये त्याला किंचित चपटा आणि तेवढाच रुंद करावा. एवढ्याने त्याला वजन आल्यासारखे वाटते.

वस्तू सममित असेल तर काम आणखी कमी होते. आठ आऱ्यांचे चाक पूर्ण ३६० अंश फिरवून दाखवण्याची गरज नसते, कारण ४५ अंश फिरल्यावर ते पुन्हा हुबेहूब पहिल्यासारखे दिसते. दर फ्रेमला ५ अंश फिरवून नऊ फ्रेम्स केल्या की चाक अखंड फिरताना दिसेल, एरवी याच वेगासाठी ७२ फ्रेम्स लागल्या असत्या. मात्र एखादा आरा वेगळ्या रंगाचा असेल, किंवा चाकावर एका बाजूने पडलेला प्रकाश चाकाबरोबर फिरत असेल, तर ही सवलत मिळत नाही. पार्श्वभूमीवर सरकणारे पट्टे, ठिपक्यांची नक्षी, एकसारख्या लाटा यांनाही हाच नियम लागू पडतो: नक्षीचे एक आवर्तन जेवढे लांब, तेवढेच सरकवावे.

तिसरा मार्ग म्हणजे हालचाल पुढे नेऊन उलट क्रमाने परत आणणे. १ ते १२ या फ्रेम्सनंतर ११ ते २ या फ्रेम्स जोडल्या की २२ फ्रेम्सचा लूप होतो. पहिली आणि बारावी फ्रेम येथे दोनदा घ्यायची नाही, कारण त्यामुळे दोन्ही टोकांना तीच अडखळ येते. झुलणारी फांदी, श्वासाची हालचाल, मान डोलावणे अशा येण्या-जाण्याच्या हालचालींना हा मार्ग शोभतो. धूर, वाहते पाणी, चालणारा माणूस यांच्यावर तो वापरू नये, कारण धूर खाली उतरताना दिसला की खोटेपणा लगेच उघडा पडतो. हा मार्ग सोपा असल्यामुळे त्याचा मोह फार होतो, पण मला तो शेवटचा पर्याय वाटतो.

धूर, पाणी, ढग यांच्या चित्रीकरणासाठी दोन टोके एकमेकांत विरघळवण्याची पद्धत अधिक चांगली. सेकंदाला २० फ्रेम्स या वेगाचा ३ सेकंदांचा तुकडा, म्हणजे ६० फ्रेम्स, आपल्याजवळ आहेत असे धरू. त्यातील पहिल्या १० फ्रेम्स सुरुवातीपासून काढून शेवटच्या १० फ्रेम्सवर ठेवाव्यात आणि त्यांची अपारदर्शकता दर फ्रेमला दहा-दहा टक्क्यांनी वाढवत शंभरपर्यंत न्यावी. आता लूप मूळच्या ११ व्या फ्रेमपासून सुरू होतो आणि त्याच्या शेवटी केवळ मूळची १० वी फ्रेम दिसते. दहानंतर अकरा येणे स्वाभाविकच असल्याने सांधा उरत नाही. लूप अडीच सेकंदांचा राहतो. ठळक कडांच्या वस्तू त्या अर्ध्या सेकंदात दुहेरी दिसतात, म्हणून ही पद्धत आकार न ठरलेल्या गोष्टींपुरतीच ठेवावी.

फ्रेम्सपासून फाइलपर्यंत

हाताने काढलेल्या फ्रेम्सची जिफ करण्यासाठी जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. सर्व फ्रेम्स एकाच आकाराच्या पीएनजी फाइल्स म्हणून साठवून त्यांच्या नावांत ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत, नाहीतर दहावी फ्रेम दुसरीच्या आधी येऊन बसते. मग 'ओपन ॲज लेयर्स' या आज्ञेने त्या एकत्र उघडाव्यात. प्रत्येक फ्रेम एक लेयर होते आणि सर्वांत खालचा लेयर सर्वप्रथम दिसतो. 'फिल्टर्स' मेनूतील 'ॲनिमेशन' विभागात 'प्लेबॅक' आहे, तेथे लूप फिरवून पाहता येतो. साठवताना 'एक्सपोर्ट ॲज' वापरून फाइलच्या नावाला जिफचे विस्तारनाम द्यावे आणि पुढे उघडणाऱ्या चौकटीत 'ॲज ॲनिमेशन' व 'लूप फॉरएव्हर' या दोन्ही खुणा कराव्यात. तेथील कालावधी मिलिसेकंदांत असतो, म्हणून आपल्या चेंडूसाठी ५० लिहावे.

त्याच चौकटीत आधीची फ्रेम पुसायची की तिच्यावरच पुढची ठेवायची, हा प्रश्नही विचारला जातो. पार्श्वभूमी पारदर्शक असेल आणि फ्रेम्स एकमेकींवर रचत गेल्या, तर चेंडूच्या मागे त्याच्या सर्व जुन्या प्रतिमा साचत जातात. अशा वेळी प्रत्येक लेयरने आधीच्याची जागा घ्यावी, असा पर्याय निवडावा. पारदर्शक जिफच्या कडेला दिसणारी पांढरट किनार हाही त्याच जातीचा दोष आहे. मूळ चित्रातील मऊ कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल जिफमध्ये बसत नसल्याने ते कोणत्या तरी रंगात मिसळले जातात. चित्र ज्या पार्श्वभूमीवर दिसणार आहे, त्या रंगात ते आधीच मिसळून घ्यावेत.

व्हिडिओपासून जिफ करायची असेल, तर अर्धे यश चित्रीकरणातच असते. कॅमेरा तिवईवर ठेवावा आणि फोकस व प्रकाशमान (एक्स्पोजर) दोन्ही कुलूपबंद करावेत. प्रकाशमान आपोआप बदलत राहिले, तर पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमच्या उजेडात फरक पडतो आणि वस्तू जागच्या जागी असूनही सांधा लुकलुकतो. चित्रीकरण गरजेपेक्षा चौपट-पाचपट लांब करावे, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या दोन फ्रेम्स शोधायला वाव मिळतो.

फ्रेम्सचा वेग कमी करताना भागाकार पाहावा. ३० फ्रेम्सच्या व्हिडिओतून सेकंदाला १२ फ्रेम्स घेतल्या, तर कधी दर दुसरी आणि कधी दर तिसरी फ्रेम उचलली जाते आणि सरकती वस्तू हिसके देत जाते. त्याऐवजी १० किंवा १५ घ्याव्यात. १५ साठी नेमका कालावधी पूर्णांकात येत नाही, पण ७ ठेवला तर चित्र सुमारे पाच टक्के संथ होते एवढेच, आणि लूपमध्ये तेवढा फरक कोणाला जाणवत नाही. व्हिडिओ २५ फ्रेम्सचा असेल, तर एकाआड एक फ्रेम घेऊन ८ हा कालावधी अचूक बसतो.

रंग कमी करण्याच्या टप्प्यावर चित्राचे सर्वाधिक नुकसान होते, म्हणून येथे घाई करू नये. अंधाऱ्या खोलीतील मेणबत्तीचे उदाहरण घ्या. ज्योतीत पिवळ्या-केशरी छटा आहेत आणि मागच्या भिंतीवर उजेडापासून काळोखापर्यंत शेकडो छटा हळूहळू बदलत जातात. २५६ रंगांत त्या मावत नाहीत, त्यामुळे भिंतीवर नकाशातील समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात. पट्टे मोडण्यासाठी दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्या रंगाचा भास निर्माण करतात, त्याला डिदरिंग म्हणतात. फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीचे डिदरिंग एका स्थिर चित्रात फार सुंदर दिसते, पण हलत्या चित्रात दर फ्रेमला त्याचे ठिपके जागा बदलतात आणि स्थिर भिंतही वाळूसारखी सळसळू लागते. बायर पद्धतीत ठिपक्यांची जाळी ठरलेली असते. ती थोडी यांत्रिक दिसते, पण जागची हलत नाही. लूपसाठी मी नेहमी हीच निवडते. एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या साधनात 'पॅलेटजेन' हा फिल्टर आधी संपूर्ण तुकडा पाहून त्याला साजेसा रंगपट तयार करतो आणि 'पॅलेटयूज' हा फिल्टर तो लागू करतो. या दोन पायऱ्या टाळून थेट रूपांतर केले, तर सरधोपट रंगपट वापरला जातो आणि ज्योत मळकट होते.

फाइल लहान ठेवणे

जिफचा आकार कशाने वाढतो हे साध्या गुणाकाराने कळते. ४८० बाय २७० पिक्सेलच्या एका फ्रेममध्ये १,२९,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला एक बाइट धरला, तर ३० फ्रेम्सचे संकोचनापूर्वीच (कॉम्प्रेशनआधीच) सुमारे ३९ लाख बाइट होतात. रुंदी ३२० केली, तर हाच आकडा सुमारे १७ लाखांवर येतो, म्हणजे निम्म्याहून कमी. त्यामुळे रंग कमी करत बसण्याआधी रुंदी कमी करावी आणि त्याच्याही आधी अनावश्यक फ्रेम्स काढाव्यात.

खरी बचत मात्र न बदलणाऱ्या भागात असते. फ्रेममधील जेवढा आयत बदलला तेवढाच साठवण्याची मुभा जिफ देते. मेणबत्तीच्या चित्रात केवळ ८० बाय १२० पिक्सेलचा भाग हलत असेल, तर दर फ्रेमला ९,६०० पिक्सेल लागतात, म्हणजे पूर्ण फ्रेमच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास. अडचण अशी, की व्हिडिओतील भिंत डोळ्यांना स्थिर वाटली तरी कॅमेऱ्याच्या नॉइजमुळे, म्हणजे चित्रातल्या बारीक दाणेदारपणामुळे, तिचा प्रत्येक पिक्सेल दर फ्रेमला किंचित बदलत असतो. त्यावर उपाय असा, की एक फ्रेम स्थिर चित्र म्हणून निवडावी, ती सर्व फ्रेम्सवर आच्छादनासारखी ठेवावी आणि ज्योतीच्या जागी मऊ कडांचे भोक पाडावे. भिंत खरोखर स्थिर होते, फाइल कितीतरी लहान होते आणि शिवाय सांधा जुळवायचा भाग तेवढ्या भोकापुरता उरतो. शेवटी जिम्पमधील 'ऑप्टिमाइझ' किंवा जिफसिकल हे साधन वापरून उरलेली पुनरावृत्ती काढून टाकावी.

पाठवताना आणि लावताना

आपण पाठवलेली जिफ समोरच्याला जिफ म्हणूनच मिळेल असे नाही. टेलिग्रामसारखी अनेक माध्यमे तिचे आवाज नसलेल्या एमपी४ व्हिडिओत रूपांतर करतात. बारीक ठिपक्यांच्या डिदरिंगचा त्यात चिखल होतो. म्हणून अशा माध्यमासाठी जिफ न करता मूळ फ्रेम्सपासून थेट एमपी४ करणे श्रेयस्कर, रंगही पूर्ण राहतात आणि फाइलही बहुधा बरीच लहान होते. फक्त रुंदी आणि उंची दोन्ही सम संख्येत ठेवाव्यात, कारण नेहमीच्या एच.२६४ संकोचनाला विषम मापे चालत नाहीत. व्हॉट्सॲपचे हलते स्टिकर वेबपी स्वरूपात, ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे आणि ५०० केबीच्या आत असावे लागतात. वेबपी आणि एपीएनजी या दोन्ही स्वरूपांत अर्धपारदर्शकता टिकते, त्यामुळे मऊ सावली हवी असेल, तर जिफशी झुंजत बसू नये.

काही मेल सॉफ्टवेअरमध्ये जिफ हलत नाही, केवळ पहिली फ्रेम दिसते. आपला लूप वर्तुळावर मांडलेला असल्यामुळे त्याचा आरंभ कोणत्याही फ्रेमपासून करता येतो. मग जी फ्रेम एकटी पाहिली तरी अर्थ पोहोचवते, ती पहिली ठेवावी. चेंडूच्या लूपमध्ये जमिनीला टेकलेल्या चपट्या चेंडूपेक्षा हवेतला चेंडू अधिक बोलका आहे.

अखंड फिरणारे चित्र पाहणाऱ्याला त्रासदायक होऊ शकते, ही जबाबदारी बनवणाऱ्याची आहे. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारे चित्र काही व्यक्तींना फेफऱ्याचा झटका आणू शकते, म्हणून वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ही मर्यादा घालून दिली आहे. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणारी कोणतीही गोष्ट थांबवण्याची सोय असावी, असेही त्यांत म्हटले आहे. जिफला स्वतःचे थांबवण्याचे बटण नसते, त्यामुळे लेखाच्या मजकुराशेजारी लूप लावायचा असेल, तर व्हिडिओ वापरून नियंत्रणे द्यावीत किंवा पाच सेकंदांच्या आत संपतील एवढीच आवर्तने ठेवावीत. चित्र पाहू न शकणाऱ्यांसाठी पर्यायी मजकुरात हालचाल लिहावी. 'चेंडू' एवढे पुरत नाही, 'लाल चेंडू एकाच जागी उसळत आहे' असे लिहावे.

दुसऱ्याचे चित्रीकरण वापरायचे असेल, तर परवानगी घ्यावी, आणि चित्रात ओळखू येणारी व्यक्ती असेल, तर तिचीही घ्यावी.

पाठवण्यापूर्वी लूप पूर्ण एक मिनिट, शक्यतो फोनवर आणि संगणकावर अशा दोन्ही ठिकाणी, सलग पाहावा. पहिल्या दहा सेकंदांत जे खटकत नाही, ते चाळिसाव्या सेकंदाला खटकू लागते. अडखळ दिसली, तर शेवटच्या दोन आणि पहिल्या दोन फ्रेम्स शेजारी शेजारी ठेवून वस्तूने प्रत्येक पावलात किती अंतर कापले ते मोजावे. मूळ फ्रेम्स, पूर्ण रंगांसह, वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवाव्यात, कारण तयार जिफ पुन्हा उघडून सुधारली, तर गेलेले रंग परत येत नाहीत आणि सांधा दुरुस्त करण्यासाठी लागणारी फ्रेम त्या फाइलमध्ये कधीच नसते.